अरुंदमापी वाफ-एंजिनांचे युद्धकालीन स्थलांतर

लोहमार्गाचे माप ठरावीक असल्याने एका मापाचे एंजिन दुसऱ्या मापाच्या मार्गावर चालत नाही. त्यामुळे युद्धकाळात एखाद्या अरुंदमापी (नॅरोगेज) मार्गावरील वाहतूक एकाएकी वाढली, की त्याच मापाच्या दूरदूरच्या मार्गांवरून एंजिने काढून आणावी लागत. दुसऱ्या महायुद्धातील अलास्का–युकॉन मार्गाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

अलास्कातील स्कॅगवे बंदर व कॅनडातील व्हाइटहॉर्स यांना जोडणारा ‘व्हाइट पास अँड युकॉन’ हा सु. १७७ किमी. लांबीचा, ९१४ मिमी. (३ फूट) मापाचा मार्ग १९०० मध्ये पूर्ण झाला. क्लॉन्डाइकच्या सोन्यासाठी तो बांधला गेला. मात्र तो पूर्ण होईतो सोन्याची धाव ओसरू लागली होती. १९४२ मध्ये अलास्का महामार्गाचे काम सुरू होताच अवजड सामग्रीचा सारा भार या डोंगरी मार्गावर पडला. कंपनीची जुनी, मोजकी एंजिने त्यास अपुरी पडली, म्हणून अमेरिकी सैन्याने ऑक्टोबर १९४२ मध्ये हा मार्ग भाडेपट्ट्याने घेतला व एंजिनांचा शोध सुरू केला.

कोलोरॅडोतील ‘डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न’ कंपनीकडे १९२३ साली बांधलेली के–२८ वर्गाची दहा एंजिने होती. त्यांपैकी सात सैन्याने घेतली. ‘ईस्ट टेनेसी अँड वेस्टर्न नॉर्थ कॅरोलायना’ या मार्गाची दोन एंजिनेही उत्तरेस धाडण्यात आली. पुढे १९४३ मध्ये मीटरमापासाठी आखलेल्या युद्धकालीन नमुन्याची अकरा नवी एंजिने चाकांचे माप बदलून तेथे पाठविली गेली. याच नमुन्याची अनेक एंजिने भारतातील मीटरमापी मार्गांवरही आली व येथे ती ‘मॅकआर्थर’ म्हणून ओळखली गेली.

युद्धकार्यासाठी नेलेली जुनी एंजिने मूळ मार्गांना परत मिळाली नाहीत. टेनेसीची दोन्ही एंजिने व्हाइटहॉर्स येथील एंजिनघराच्या आगीत सापडून निकामी झाली. कोलोरॅडोची सातही एंजिने सिअ‍ॅटल येथे १९४६ मध्ये मोडीत निघाली. त्यांच्या झिजेपेक्षा युद्धोत्तर निरुपयोगच याला अधिक कारणीभूत असावा. मागे राहिलेली तीन मात्र वाचली व पुढे ड्युरँगो–सिल्व्हरटन या पर्यटन मार्गावर आली. टेनेसी मार्गाचे न पाठविलेले १२ क्रमांकाचे एंजिन नॉर्थ कॅरोलायनातील ‘ट्वीट्सी’ या करमणूक उद्यानात पोहोचले. १९६० मध्ये अलास्कातील त्या अकरांपैकी १९० क्रमांकाचे एंजिनही तेथेच आणण्यात आले.