एक दीर्घिका, चार नावं

आपल्याकडे पासपोर्टचा नंबर एक आणि कतार आयडीचा दुसरा. माणूस मात्र तोच! कन्या राशीतल्या एका अवाढव्य दीर्घिकेचंही तसंच आहे.

आकाशातल्या धूसर ठिपक्यांच्या नोंदी फार जुन्या. इ.स. ९६४ च्या सुमारास अल-सूफीने देवयानीतला 'लहानसा ढग' नोंदवला. त्याच्या ग्रंथाची ११२५ सालची हस्तलिखित प्रत आपल्या दोह्यातल्या इस्लामिक कला संग्रहालयाकडे आहे. तो ढग म्हणजे स्वतंत्र दीर्घिका, हे कळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

पॅरिसच्या शार्ल मेसिएला हवे होते धूमकेतू. त्यांच्यासारखे दिसून फसवणारे ठिपके टाळता यावेत म्हणून त्याने यादी केली. १८ मार्च १७८१ च्या रात्री त्यात आपली दीर्घिका आली: एम ८७. गंमत बघा, धूमकेतूंपेक्षा या नकोशा वस्तूंच्या यादीनेच मेसिए अमर झाला.

१८८८ साली ड्रेयरने ७,८४० वस्तूंची मोठी सूची छापली, तिथे ती एनजीसी ४४८६. १९१८ मध्ये कर्टिसला तिच्या केंद्रातून निघालेला एक सरळ किरण दिसला. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बोल्टन आणि सहकाऱ्यांनी 'व्हर्गो ए' हा रेडिओस्रोत म्हणजे हीच दीर्घिका, असं ओळखलं. १९५९ च्या केंब्रिज सूचीत ती ३सी २७४ झाली. दुर्बीण बदलली की नवं नाव!

ही लंबवर्तुळाकार दीर्घिका. म्हणजे चकलीसारखे वळसे नाहीत, बेसनाच्या लाडवासारखी गोलसर. तिच्या पोटात साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. १० एप्रिल २०१९ रोजी जगाने कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र पाहिलं, ते याचंच.

आणि अशा सूच्या फक्त परदेशातच होतात असं नाही बरं का! नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण उभी राहिली. तिच्या निरीक्षणांतून २०१७ मध्ये सहा लाखांवर रेडिओस्रोतांची सूची प्रसिद्ध झाली. द्राक्षबागांच्या मुलखातून आकाशाचा नव्वद टक्के भाग नोंदवला गेला, याचा मला फार अभिमान वाटतो.

दिवाळीच्या संध्याकाळी ही दीर्घिका दिसत नाही. एप्रिलमध्ये मुलांना घेऊन दिव्यांपासून दूर वाळवंटात जा, सोबत छोटी दुर्बीण असू द्या. दिसेल तो एक पुसट ठिपकाच, पण त्याचा प्रकाश सुमारे साडेपाच कोटी वर्षं प्रवास करून आलेला असेल. मुलांना तेवढं जरूर सांगा.