जांबची पेटी आणि डोमगावची प्रत

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात, गोदावरीच्या उत्तरेकडील काळ्या जमिनीच्या पट्ट्यात, जांब हे गाव आहे. शके १५३० मध्ये, म्हणजे इ.स. १६०८ साली, सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरी जन्मलेले नारायण पुढे समर्थ रामदास झाले, म्हणून हे गाव आज जांब समर्थ या नावाने ओळखले जाते. रामदासांचा अभ्यास बहुधा भक्तीच्या किंवा राजकारणाच्या अंगाने होतो; परंतु लिहिलेले टिकवावे कसे, या निव्वळ कारागिरीच्या प्रश्नावर मराठीत त्यांच्याइतके नेमके लिहिणारे थोडेच आढळतात. घरातील छायाचित्रे, कागदपत्रे आणि ध्वनिमुद्रणे कोणत्या फोनमध्ये व कोणत्या डिस्कवर ठेवावीत, याचा विचार करणाऱ्या आजच्या तंत्रप्रेमी माणसाला हा सतराव्या शतकातील मजकूर अनोळखी वाटण्याचे कारण नाही.

त्यांच्या दासबोध या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर बालबोध, वाटोळे आणि सुटे असावे, ओळी सरळ असाव्यात, एवढे सांगून रामदास थांबत नाहीत. तरुणपणी हौसेने काढलेले अतिबारीक अक्षर म्हातारपणी आपल्यालाच वाचता येत नाही, तेव्हा मध्यम आकार धरावा, असे ते बजावतात. पानाच्या चारही बाजूंना कोरी जागा सोडावी, म्हणजे कडा झिजून गळाल्या तरी मजकुराला धक्का लागत नाही, हेही सांगतात. त्यानंतर निरनिराळ्या प्रांतांतले बोरू, शाई आणि हिंगूळ यांची यादी येते आणि शेवटी पोथी गुंडाळण्याची बासने, म्हणजे वेष्टनाची वस्त्रे, ओल आत जाऊ न देणारे मेणकापड, पेट्या आणि कुलपे येतात. कागदाची कड झडणारच हे गृहीत धरून कोरी जागा सोडण्यामागे जी दृष्टी आहे, ती वस्तू बिघडणार नाही अशी आशा बाळगणाऱ्याची नव्हे, तर बिघडल्यावर काय उरेल याचा हिशेब आधी मांडणाऱ्याची आहे.

तरीही दासबोध आपल्यापर्यंत आला तो एखाद्या मजबूत पेटीमुळे नव्हे. संप्रदायाच्या मठामठांतून शिष्य ग्रंथाच्या नकला करीत आणि ‘बाडे’, म्हणजे निरनिराळे वेचे एकत्र उतरवून घेतलेल्या हस्तलिखित वह्या, जवळ बाळगीत. त्यामुळे एका मठाला आग लागली किंवा वाळवी लागली तरी मजकूर दुसरीकडे शाबूत राही. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि पुढे गावोगावचे मठ पालथे घातले. १९०५ साली त्यांनी दासबोध छापला तो परांडा तालुक्यातील, सीना नदीकाठच्या डोमगाव मठातल्या, रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची मानल्या जाणाऱ्या प्रतीवरून. कर्त्याच्या जन्मगावापासून दूर असलेल्या एका मठाने ग्रंथ सांभाळला, ही गोष्ट जतनाच्या इतिहासात कोणत्याही कुलपापेक्षा मोठी मानावी लागते. देवांनी जमवलेली बाडे आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत.

मठांच्या बाहेर जतनाची दुसरी परंपरा महसुलाची होती. तिच्यात कागद चौकोनी कापडात ठेवून कापडाची टोके वर गाठीत आवळीत. या गाठोड्याला ‘रुमाल’ आणि अशा रुमालांच्या संग्रहाला ‘दप्तर’ म्हणतात. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्यामुळे इथल्या जुन्या कागदांत मोडी आणि उर्दू शेजारी नांदतात, आणि ज्याच्या नावाचा कागद आहे त्यालाच तो वाचता येत नाही, अशी स्थिती सर्रास आढळते. शेजारच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागदांचा शोध सुरू झाला, तेव्हा हे रुमाल पुन्हा सुटले. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली; कागद स्कॅन झाले. घरोघरच्या पत्र्याच्या ट्रंकांतील खासरा पत्रकांचे, म्हणजे जमिनीच्या नोंदींचे, आणि दाखल्यांचे फोटो मोबाइलवर काढले गेले, आणि घराण्याचे दप्तर नकळत फोनमध्ये येऊन बसले.

फोन हे दप्तर म्हणून कसे आहे, हे मात्र त्याच्या कॅमेऱ्याच्या आकड्यांवरून कळत नाही. त्यातील साठवण फ्लॅश प्रकारच्या चिपवर असते, ती मुख्य पट्टीवर डाखाने जोडलेली असते आणि तिच्यावरील मजकूर सांकेतिक रूपात असून त्याची किल्ली त्याच फोनच्या आत असते. पट्टी जळाली की चिप काढून दुसरीकडे वाचण्याचा मार्ग बहुधा बंद होतो. पेटी आणि कुलूप इतके एकजीव झालेले रामदासांच्या यादीतही नाही. म्हणून जाणकार खरेदीदार मेमरी कार्डाची वेगळी खाच आहे का, की तीच खाच दुसऱ्या सिमसाठी वापरावी लागते, हे पाहतो, आणि तारेने मजकूर बाहेर काढण्याचा वेगही विचारतो. अनेक स्वस्त फोनांत टाइप-सी खाच असली तरी आतली यंत्रणा यूएसबी २.० चीच असते, आणि तिच्यातून १२८ जीबी बाहेर काढायला तासभर सहज जातो.

यापुढचा टप्पा ‘नास’चा, म्हणजे घरच्या राउटरला तारेने जोडलेल्या आणि घरातील सर्व फोनांना एकाच वेळी उघडता येणाऱ्या डिस्कच्या पेटीचा. तिच्यात बहुधा दोन डिस्क शेजारी शेजारी असतात आणि एकीवर लिहिलेले दुसरीवर त्याच क्षणी उमटते. ‘रेड’ या नावाने ओळखली जाणारी ही मांडणी बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या निबंधात सूत्रबद्ध केली. एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहते. पण चुकून पुसलेला फोटो दोन्हींवरून एकदमच जातो, आणि पेटी चोरीला गेली तर दोन्ही जातात. म्हणजे ही एकाच मठातली दोन बाडे झाली, डोमगाव नव्हे. मजकुराच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक गावाबाहेर, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम याच उणिवेवरचा उपाय आहे. वीज अवचित जाणाऱ्या तालुक्याच्या गावी या पेटीमागे इन्व्हर्टर लागतो, हा खर्च जाहिरातीत दिसत नाही. आणि तिसरी प्रत छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला राहणाऱ्या भावाच्या कपाटात साध्या डिस्कवर ठेवली तरी काम भागते.

अक्षराचा प्रश्न त्यानंतरही उरतोच. बालबोधात उतरवलेली पोथी आज शाळकरी मूलही अडखळत का होईना वाचते, तर तिच्याहून पुष्कळ अलीकडच्या मोडी कागदाला जाणकार शोधावा लागतो. फोटोंच्या साठवणीतही असाच भेद आहे. आयफोन २०१७ पासून छायाचित्रे जागा वाचवणाऱ्या ‘हाइक’ पद्धतीने साठवतो, आणि जुन्या संगणकावर ती उघडत नाहीत. १९९२ पासूनचा ‘जेपेग’ जागा जास्त खातो, पण कुठेही उघडतो. सेटिंगमध्ये ही निवड एका ओळीची आहे, आणि फोन विकत घेताना तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.