जुने पिनबॉल यंत्र : दुरुस्तीत घाई नको

अमेरिकेतील शिकागो हे पिनबॉल यंत्रांच्या निर्मितीचे प्रमुख केंद्र होय. तेथील गॉटलिब कंपनीने १९४७ मध्ये ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात चेंडू परतविणारे विजेवरील फ्लिपर बसविले आणि नशिबाच्या खेळात कौशल्याला वाव मिळाला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ही यंत्रे रिले, स्विच व विद्युतचुंबकी कॉइलवर चालत. पुढे इलेक्ट्रॉनिक सर्किट आले.

वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र घरी आणताच सुरू करणे धोक्याचे असते. स्विच चिकटलेला असल्यास कॉइलमधून सतत प्रवाह वाहतो व ती जळते. म्हणून प्लग काढूनच आधी फ्यूज तपासावेत. ठरलेल्या क्षमतेपेक्षा मोठा फ्यूज लावल्यास आग लागू शकते. काळवंडलेले रिलेचे संपर्कबिंदू अगदी बारीक कानशीने हलकेच साफ करावेत. कडक झालेल्या रबरी कड्या आणि कॉइलमधील झिजलेल्या नळ्या बदलाव्यात. इलेक्ट्रॉनिक यंत्रातील जुनी बॅटरी गळून सर्किट बोर्ड खराब करते. ती प्रथम काढावी.

खेळाच्या फळीवरील मूळ चित्र मात्र जपावे. ओल्या फडक्याने जोरात घासल्यास सुटत चाललेला रंग निघून येतो आणि ते नुकसान भरून काढणे फार कठीण जाते.