चागस रोग व ग्रान चाकोतील आदिवासी
चागस रोग हा ट्रिपॅनोसोमा क्रूझी ह्या परजीवी (दुसऱ्या सजीवावर जगणाऱ्या) आदिजीवामुळे माणसाला होणारा रोग होय. कार्लूस शागास ह्या ब्राझीलियन वैद्यांच्या नावावरून त्यास हे नाव मिळाले. रोगाचे मूळ क्षेत्र मेक्सिकोपासून आर्जेन्टिनापर्यंतची अमेरिका असून भारतात तो स्थानिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सु. ६० ते ७० लक्ष लोकांना त्याचा संसर्ग झालेला आहे. आर्जेन्टिना, बोलिव्हिया व पॅराग्वे ह्या देशांत पसरलेल्या ग्रान चाको ह्या कोरड्या वनप्रदेशात तो सर्वांत चिवट ठरला आहे. तेथील विची, तोबा (कोम), ग्वारानी इ. आदिवासी जमातींमध्ये ह्या रोगाचा इतिहास प्रामुख्याने त्यांच्या वसतीचा व घरांचा इतिहास आहे.

रोगाचा प्रसार ट्रायाटोमा वंशाच्या व तत्सम रक्तशोषक ढेकणांमार्फत होतो. चाकोमध्ये ट्रायाटोमा इन्फेस्टान्स ही जाती प्रमुख असून लोक तिला ‘विंचुका’ म्हणतात. हा कीटक दिवसा कुडाच्या भेगांत व शाकारलेल्या छपरात दडून राहतो आणि रात्री झोपलेल्या माणसाचे रक्त शोषतो. परजीवी त्याच्या विष्ठेत असतात. खाजविल्यामुळे ते दंशाच्या जखमेतून किंवा डोळ्याच्या श्लेष्मल त्वचेतून शरीरात शिरतात. मातेकडून गर्भास, रक्तदानातून व दूषित अन्नातूनही संसर्ग होतो. आरंभीची तीव्र अवस्था बहुधा सौम्य ज्वरात संपते व ओळखलीच जात नाही. त्यानंतर परजीवी अनेक वर्षे शरीरात सुप्त राहतो. पुढे सु. ३० टक्के रुग्णांत हृदयविकार उद्‌भवतो, तर काहींमध्ये अन्ननलिका किंवा मोठे आतडे प्रसरण पावते. हृदयाच्या विकाराने धडधाकट दिसणाऱ्या तरुणाचाही अकस्मात मृत्यू होऊ शकतो.

हा रोग अतिप्राचीन आहे. उत्तर चिली व दक्षिण पेरूच्या किनाऱ्यावरील वाळवंटात सापडलेल्या २८३ नैसर्गिक ममींच्या ऊतकांची (पेशीसमूहांची) तपासणी करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सु. ४१ टक्के ममींमध्ये ह्या परजीवीचे आनुवंशिक द्रव्य आढळले. त्यांतील सर्वांत जुन्या ममी सु. ९,००० वर्षांपूर्वीच्या होत्या. विंचुका मूळची बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतातील दऱ्यांतील असावी आणि तेथील लोक घरात गिनीपिग पाळू लागल्यावर ती मानवी वसतीत शिरली असावी, असा बहुतेक अभ्यासकांचा कयास आहे. पुढे माणसांच्या सामानसुमानाबरोबर ती दूरवर पसरली. १८३५ मध्ये आर्जेन्टिनातील मेंदोसाजवळ चार्ल्स डार्विन यांना तिचा उपद्रव झाला होता व त्याची नोंद त्यांनी केली आहे. तथापि हा कीटक रोग पसरवितो, हे त्या काळी कोणासच माहीत नव्हते.

चाकोतील शिकारी व अन्नसंकलक जमाती ऋतूनुसार स्थलांतर करीत. फांद्या व गवत यांची त्यांची झोपडी थोडक्या काळापुरती असे आणि ती सोडून ते पुढे जात. विंचुकाच्या वाढीला मात्र कायम निवारा आणि रक्त लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर्जेन्टिनाच्या सैन्याने चाकोत मोहिमा काढल्या. त्यांपैकी १८८४ ची मोहीम विशेष मोठी होती. जमिनी गुरे पाळणाऱ्या वसाहतकऱ्यांच्या हाती गेल्या, तर आदिवासी मिशनांच्या वस्त्यांत स्थिरावले किंवा साल्टा व हुहुई प्रांतांतील उसाच्या मळ्यांवर हंगामी मजूर म्हणून जाऊ लागले. १९३२–३५ मधील बोलिव्हिया-पॅराग्वे युद्धाने उरलेले रानही त्यांच्यासाठी असुरक्षित केले. एके ठिकाणी बसलेल्या ह्या लोकांच्या वाट्याला कुडाच्या व मातीच्या भिंती, गिलावा नसलेल्या भेगा, गवताचे छप्पर आणि घराला लागून शेळ्यांचा वाडा व कोंबड्यांचे खुराडे अशी घरे आली. विंचुकाला हवे असलेले सर्व काही अशा घरात होते.

रोगाचा शोध १९०९ मध्ये ब्राझीलच्या मीनास झेराइस राज्यातील लासांस ह्या गावी लागला. रेल्वेच्या बांधकामावरील हिवतापनिर्मूलनासाठी गेलेल्या शागास यांनी प्रथम ढेकणात परजीवी पाहिला, आपले गुरू ओस्वाल्दो क्रूझ यांचे नाव त्यास दिले आणि १४ एप्रिल १९०९ रोजी दोन वर्षांच्या एका मुलीच्या रक्तात तो शोधून काढला. रोगाच्या आधी रोगकारक व वाहक सापडण्याचे हे विरळा उदाहरण होय. परंतु शागास यांनी गलगंडाचाही संबंध ह्या रोगाशी जोडल्यामुळे वाद माजला व १९२२–२३ मध्ये ब्राझीलच्या वैद्यक अकादमीत रोगाच्या व्याप्तीविषयीच शंका घेतली गेली. रोग प्रत्यक्षात किती पसरला आहे, हे आर्जेन्टिनाच्या उत्तरेत सिद्ध झाले. साल्व्हादोर मासा यांनी हुहुई येथील संशोधन केंद्रातून व प्रयोगशाळा म्हणून सजविलेल्या रेल्वेच्या डब्यातून गावोगाव हिंडून हजाराहून अधिक रुग्ण नोंदविले. त्यांचे सहकारी सेसिलिओ रोमान्या यांनी १९३५ मध्ये एका डोळ्याच्या पापणीची सूज हे तीव्र अवस्थेचे लक्षण वर्णिले. त्यामुळे खेड्यातील डॉक्टरास साधनांवाचूनही रोगाचा संशय घेता येऊ लागला. रोगाचे मूळ घराच्या अवस्थेत आहे, हे मासा यांनी आग्रहाने मांडले. १९४६ मध्ये ते मृत्यू पावले.

सुमारे १९४७ पासून ब्राझील व आर्जेन्टिनात बीएचसी ह्या कीटकनाशकाची फवारणी सुरू झाली आणि घर सुधारण्याचा मुद्दा मागे पडला. १९९१ मध्ये आर्जेन्टिना, बोलिव्हिया, ब्राझील, चिली, पॅराग्वे व यूरग्वाय ह्या सहा देशांनी संयुक्त मोहीम आखली. तीमुळे विंचुकामार्फत होणारा प्रसार यूरग्वायमध्ये १९९७, चिलीमध्ये १९९९ व ब्राझीलमध्ये २००६ साली थांबल्याचे मान्य झाले. चाकोत मात्र असे यश आले नाही. उघड्यावरील वाड्या-खुराड्यांवर फवारलेले औषध ऊन-पावसाने लवकर निष्प्रभ होते आणि तेथे उरलेले ढेकूण पुन्हा घरात येतात. रानातही विंचुका आढळते. शिवाय साल्टाच्या उत्तरेस व लगतच्या बोलिव्हियात पायरेथ्रॉइड औषधांना न जुमानणारे ढेकूण निर्माण झाले. दूरच्या वाड्यांपर्यंत फवारणीची पथके नियमितपणे पोहोचत नाहीत आणि आरोग्यसेवा बहुधा स्पॅनिश भाषेतच मिळते.

निफुर्टिमॉक्स व बेंझ्निडाझोल ही दोनच प्रभावी औषधे उपलब्ध असून ती दोन्ही १९७० च्या सुमारास प्रचारात आली. जन्मतः संसर्ग झालेल्या बालकास पहिल्या वर्षात उपचार मिळाल्यास ते बहुधा पूर्ण बरे होते. परंतु हृदय बिघडल्यावर औषधाने मूळ स्थिती परत येत नाही, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतही दिसून आले. म्हणूनच गरोदर स्त्रिया व नवजात बालके यांच्या तपासणीस महत्त्व आहे. रक्ततपासणीचा दुसरा, अनिष्ट उपयोगही झाला. रोगाची चिन्हे नसलेल्या मजुरांनाही संसर्ग आढळल्यावर काम नाकारले जाई. त्यामुळे अनेक जण तपासणी टाळत. आर्जेन्टिनाने २००७ मध्ये कायदा करून गरोदर स्त्रियांची व त्यांच्या नवजात बालकांची तपासणी सक्तीची केली व अशा भेदभावास मनाई केली. २०२० पासून १४ एप्रिल हा दिवस जागतिक चागस रोग दिन म्हणून पाळला जातो.

भेगा बुजविलेल्या भिंती, पक्के छप्पर व घरापासून दूर बांधलेले वाडे असलेल्या घरात विंचुकाला फारसा थारा मिळत नाही, हे मासा यांच्या काळापासून ज्ञात आहे. तथापि घर पक्के करण्यास जमिनीवरील हक्काची खात्री लागते आणि चाकोतील अनेक आदिवासी समूहांना ती अद्याप मिळालेली नाही.