बार्शी लाइटवाला आणि त्याची छत्री

परवा दुबईहून भाच्याचा फोन आला. "मामा, आजीला सांगू नकोस, पण शुक्रवारी मी विमानातून उडी मारतोय."

आता आमच्याकडे "आजीला सांगू नकोस"ने सुरू झालेली बातमी आजीपर्यंत पोचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. भाईंदरच्या वन बीएचकेमध्ये गुपित ठेवायचं कुठे? आईने माझ्या हातून फोन घेतला. तेरा हजार फूट उंची, मिनिटभर नुसतं खाली पडणं, पाठीला बांधलेला इन्स्ट्रक्टर, सगळं तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग दोनच प्रश्न विचारले. छत्री उघडली नाही तर? आणि तिची घडी कोण घालतं?

पहिल्याचं उत्तर भाच्याकडे तयार होतं. दुसरी असते म्हणाला. दुसऱ्या प्रश्नाला मात्र "असतात गं तिथले लोक" एवढंच. यावर आईचं समाधान होणं शक्यच नव्हतं. आयुष्यभर स्वतःच्या साड्यांना दुसऱ्या कोणाचा हात लागू न दिलेली बाई ती.

(मी वीस वर्षं भाईंदर ते चर्चगेट लोकलच्या दारात लटकत गेलो, तेव्हा ती कधी काही बोलली नाही. मला तर एकही छत्री नव्हती. असो.)

तिला काहीतरी सांगता यावं म्हणून रात्री वाचत बसलो आणि भलत्याच माणसाशी गाठ पडली. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पॅराशूटविषयी वाचत होतो. शोधकर्त्याचं नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. मग डोक्यात प्रकाश पडला. अहो, हा तर आपला बार्शी लाइटवाला!

माझं आजोळ बार्शी. लहानपणी मे महिन्यात रात्रीच्या गाडीने कुर्डुवाडीला उतरायचं आणि पलीकडे उभ्या असलेल्या, खेळण्यातल्यासारख्या दिसणाऱ्या छोट्या गाडीत बसायचं. रुळांमधलं अंतर अडीच फूट. वेग असा, की आई म्हणते, माणसं उतरून शेतातले हरभऱ्याचे डहाळे उपटायची आणि मागच्या डब्यात चढायची. मंडळी, तुमच्यापैकी जे सोलापूर, लातूर, पंढरपूरकडचे आहात त्यांना वेगळं सांगायला नको. आता तिथे ब्रॉडगेज आहे.

कॅलथ्रॉपचा जन्म 1857 चा. 1882 मध्ये तो जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी लाइन बार्शीला वीसएक मैल लांब ठेवून गेली होती. बार्शीची बाजारपेठ मोठी, कापूस आणि धान्य ढीगभर, पण स्टेशनपर्यंत सगळं बैलगाडीने. कॅलथ्रॉपने 1887 मध्ये प्रस्ताव मांडला की इथे स्वस्तातली छोटी रेल्वे टाका. सरकारी कारभार तुम्हाला माहीतच आहे. करार व्हायला 1895 उजाडलं आणि गाडी धावली ती 1897 मध्ये. म्हणजे सुमारे 21 मैलांच्या लाइनसाठी दहा वर्षं. मधल्या काळात गड्याने जीआयपीची नोकरी सोडली, इंग्लंडला परत गेला, पण पिच्छा सोडला नाही.

त्याची युक्ती साधी होती. इंजिन असो की मालाचा डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. सगळ्या चाकांनी ओझं सारखं वाटून घेतलं की रूळ हलके चालतात, आणि रूळ हलके म्हणजे खर्च कमी. लीड्सजवळ न्यूले इथे त्याने चाचणीचा रूळ टाकून डबे आणि इंजिन लोकांना चालवून दाखवलं. एखादी गोष्ट पटत नसेल तर करून दाखवायची, अशी त्याची पद्धत. छत्रीच्या बाबतीतही त्याने पुढे हेच केलं.

रेल्वेचा माणूस छत्रीकडे वळला त्यामागे एक अपघात आहे. रोल्स-रॉइसमधला चार्ल्स रोल्स त्याचा मित्र. 12 जुलै 1910 रोजी बोर्नमथला विमानाचं शेपूट मोडून रोल्स पडला आणि गेला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात गेलेला तो पहिला ब्रिटिश माणूस. कॅलथ्रॉप तेव्हा त्रेपन्न वर्षांचा. त्याने पुढची वर्षं पॅराशूटवर घालवली आणि त्याचं नाव ठेवलं गार्डियन एंजल, म्हणजे राखणदार देवदूत. (हाच माणूस अरबी घोडेही पाळायचा आणि घोड्यांवर त्याने पुस्तकही लिहिलंय. काही लोकांना दिवसाचे तास जास्त मिळत असावेत.)

देवदूत चालायचा असा. रेशमी छत्र घडी करून विमानाखाली बसवलेल्या डब्यात. वैमानिकाच्या अंगावर फक्त पट्टे, आणि पट्ट्यांपासून डब्यापर्यंत दोर. त्याने उडी मारली की त्याच्याच वजनाने छत्र डब्यातून ओढलं जायचं. म्हणजे पडणाऱ्याने काहीच करायचं नाही, भान हरपलं तरी चालेल.

1915 मध्ये त्याने हे ब्रिटिश लष्करी विमानदलापुढे ठेवलं. नको म्हणाले. जानेवारी 1917 मध्ये ऑर्फर्डनेसला कॅप्टन क्लाइव्ह कॉलेट विमानातून उडी मारून सुखरूप उतरला. तरीही नाही. त्याच नोव्हेंबरात मेजर ऑर्ड-लीस याने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्समध्ये उडी मारली, एवढ्या कमी उंचीवरूनही छत्री उघडते हे दाखवायला! हा ऑर्ड-लीस शॅकलटनच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत कोठी सांभाळणारा, एलिफंट बेटावर महिनोन्‌महिने अडकून जिवंत परतलेला. अशाला पुलाची काय भीती.

नकाराची कारणं काही अगदीच पोकळ नव्हती, हेही सांगायला हवं. त्या विमानांची ताकद कमी, डब्याने वजन वाढणार, जागा जाणार. शिवाय दोर विमानाला बांधलेला, विमान गिरक्या घेत पडायला लागलं की तो कशात अडकेल सांगता येत नाही. छत्री दिली तर वैमानिक लढायचं सोडून उड्या मारतील, असंही वरिष्ठांना वाटत होतं म्हणतात. पण गंमत बघा, बलूनमधून टेहळणी करणाऱ्यांना पॅराशूट मिळत होतं. हेरांना शत्रूच्या मुलखात उतरवायलाही ते चालत होतं. ऑगस्ट 1918 मध्ये इटलीच्या आघाडीवर तांदुरा नावाच्या इटालियन अधिकाऱ्याला रात्री असं उतरवलं. ज्या विमानातून उतरवलं त्यातल्या दोघांपैकी एक होता वेजवुड बेन, जो पुढे 1929 मध्ये भारतमंत्री झाला. मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी लंडनमधून आपला कारभार बघणारा तो हाच.

विमान चालवणाऱ्याला मात्र काही नाही.

आणि इथे मला एक मुंबईकर भेटला. श्रीकृष्ण वेलिणकर. जन्म 1894 चा, शिक्षण केंब्रिजला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलातून लढलेले चार हिंदी वैमानिक सांगतात, हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरोल सेन आणि हे वेलिणकर. आपल्याला शाळेत यातलं एकही नाव शिकवलं नाही. वेलिणकर 23 व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन चालवायचे. या विमानात वैमानिकाचं डोकं वरच्या पंखातून बाहेर यायचं. दिसायचं छान, पण उतरताना विमान उलटलं तर आधी डोकंच जमिनीला लागणार, म्हणून वैमानिक त्याला बिचकून असत.

27 जून 1918 रोजी फ्रान्समध्ये वेलिणकरांचं विमान पाडलं गेलं. ते जबर जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागले आणि 30 जूनला गेले. वय तेवीस. हँगार्डच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

आता याच दिवसांत पलीकडे काय चाललं होतं ते ऐका. जर्मनांनी त्या वर्षी आपल्या वैमानिकांना हायनेके नावाची पॅराशूट द्यायला सुरुवात केली होती. तीही दोरवालीच, तीही अर्धवट भरवशाची. 29 जूनला, म्हणजे वेलिणकर पडले त्यानंतर दोन दिवसांनी, एर्न्स्ट उडेट या जर्मन वैमानिकाचं विमान निकामी झालं. त्याने उडी मारली तर पट्टे शेपटाच्या सुकाणूत अडकले. बरोब्बर तीच भीती, जी ब्रिटिशांनी कारण म्हणून सांगितली होती. उडेटने लटकलेल्या अवस्थेत सुकाणूचं टोक मोडलं, सुटला, जमीन अडीचशे फुटांवर आली तेव्हा छत्री उघडली आणि पाय मुरगळण्यावर निभावलं.

27, 29, 30. या तीन तारखा वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. छत्री असती तर वेलिणकर वाचले असते असं मी म्हणत नाही. जखम कुठली, कधीची, त्यावर सगळं. पण त्यांच्यापुढे तो रस्ताच ठेवला नव्हता, आणि तीन वर्षं ज्याचे कागद फिरत होते तो माणूस आमच्या बार्शीची गाडी आणणारा. रेल्वेसाठी दहा वर्षं थांबता येतं. बार्शीचा कापूस तोवर बैलगाडीने जातो. पुढच्याच महिन्यात 22 जुलैला इंद्रलाल रॉय गेला, तो तर एकोणीस वर्षांचा होता.

जर्मनांची छत्री काही फार बरी नव्हती. त्यांनी ती दिली, एवढाच फरक. अर्धवट साधन द्यावं की परिपूर्ण होईपर्यंत थांबावं, हा वाद तसा सोपा नाही. पण इथे न देण्याचा अर्थ आणखी चांगलं काही देणं असा नव्हता. काहीच न देणं असा होता.

पुढे कॅलथ्रॉपची छत्री मागेच पडली. 1919 मध्ये अमेरिकेत डेटनला तिचं प्रात्यक्षिक देताना एका ब्रिटिश अधिकाऱ्याचा दोर विमानाच्या भागात अडकून तुटला आणि तो गेला. त्याच मैदानावर 28 एप्रिल 1919 ला लेस्ली अर्विनने पाठीवर बांधलेली, विमानाशी काही संबंध नसलेली, स्वतःच्या हाताने ओढून उघडायची छत्री वापरून दाखवली. (उतरताना घोटा मोडला. या धंद्यातल्या लोकांचे घोटे वेगळेच असावेत.) पुढे ब्रिटिश विमानदलानेही अर्विनचीच घेतली. कॅलथ्रॉप 30 मार्च 1927 ला वारला. त्याच वर्षी बार्शी लाइट मिरजेपर्यंत पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आईला हे सगळं सांगितलं. मग वहीच्या कागदावर आजच्या पॅराशूटचं चित्रही काढलं. पाठीवर एकाच पिशवीत दोन छत्र्या असतात, खाली मुख्य, वर राखीव. मुख्य नीट उघडली नाही तर ती आधी सोडून द्यायची, नाहीतर दोन्ही एकमेकींत गुंततात. त्यासाठी खांद्यावर एकात एक अडकवलेल्या तीन कड्या असतात. प्रत्येक कडी भार कमी करत नेते, त्यामुळे दोन माणसांचं वजन शेवटी एका बारीक दोऱ्याच्या फासावर येतं आणि ते हाताने सोडवता येतं. (कॅलथ्रॉपला आवडलं असतं हे.) दोरांवरून सरकत खाली येणारा एक चौकोनी कापडाचा तुकडा असतो. त्याच्यामुळे छत्र झटक्यात न उघडता दमाने उघडतं. आणि कोणी काहीच केलं नाही तर एक छोटं यंत्र पडण्याचा वेग आणि उंची मोजत असतं. दोघांच्या उडीत ते दोन हजार फुटांच्या जरा खाली राखीव छत्रीचा फास स्वतःच कापतं.

"आणि घडी?"

राखीव छत्रीची घडी परवाना असलेला रिगरच घालतो. घडी झाली की दोऱ्याने बांधून शिशाचं सील लावतो, नोंदीवर सही करतो. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे ती वापरली नसली तरी 180 दिवसांनी उघडायची, तपासायची, पुन्हा घडी. रेशमाची असेल तर 60 दिवसांनीच.

"रेशमाला तसंच करावं लागतं," आई म्हणाली. "घडीवर विरतं." तिचं पैठणीचं कपाट मला आठवलं. मग म्हणाली, "ती पुण्याची शीतल महाजन नाही का, नऊवारी नेसून उडी मारली होती थायलंडात?" 2018 ची गोष्ट. ही बाई 2004 मध्ये आयुष्यातली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारून आली होती, तेही मी सांगितलं. आई त्यावर काही बोलली नाही. बहुधा नऊवारीच्या निऱ्यांना पिना किती लावल्या असतील याचा हिशोब चालू होता.

शुक्रवारी संध्याकाळी भाच्याचा फोन आला. आवाज अजून वरच होता. मागे समुद्र, गाल वाऱ्याने फुगलेले, असे फोटो आले. आईने ते बघितले न बघितले आणि विचारलं, "घडी कोणी घातली ते विचारलंस का?"

विचारलं होतं त्याने. शेडमध्ये गालिच्यावर गुडघे टेकून एक बाई दिवसभर घड्या घालत होती म्हणे, एकीमागून एक. त्याने जाऊन तिला सांगितलं की माझी आजी तुमच्याबद्दल विचारत होती.

"मग? काय म्हणाली?"

"हसली. आणि म्हणाली, सगळ्यांच्या आज्या विचारत नाहीत."