मन्नारच्या आखातातील मोत्यांची कालवे : बंदीचा इतिहास व तिची मर्यादा

समुद्रातील एखादी संपत्ती अतिरिक्त उपशाने आटू लागली, की तेथील उपसा काही काळ बंद ठेवावा, हा उपाय आज सर्वत्र सुचविला जातो. हा उपाय शतकानुशतके आचरणात आल्याचा लेखी पुरावा ज्या थोड्या ठिकाणी मिळतो, त्यांत सिलोन व दक्षिण हिंदुस्थान यांमधील मन्नारच्या आखाताची गणना करावी लागेल. बंदीने नेमके काय साधले व काय साधले नाही, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

येथील मोत्यांची ख्याती फार प्राचीन आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कोरकईच्या मोत्यांचा उल्लेख येतो, आणि मार्को पोलोनेही या किनाऱ्यावरील पाणबुड्यांचे वर्णन केले आहे. मोती देणारी कालवे समुद्रतळावरील खडकाळ उंचवट्यांवर वाढतात. या उंचवट्यांना तमिळमध्ये ‘पार’ म्हणतात. कालव साधारणतः चौथ्या ते सहाव्या वर्षी मोत्यांच्या दृष्टीने परिपक्व होते व त्यानंतर लवकरच मरते. लवकर काढले तर मोती हाती लागत नाही आणि उशीर केला तर कालवच उरत नाही. बंदीचा सारा प्रश्न या अल्प आयुर्मर्यादेत अडकलेला आहे.

१६५८ मध्ये पोर्तुगीजांकडून डचांकडे व १७९६ मध्ये डचांकडून इंग्रजांकडे या पारांचे स्वामित्व गेले. इंग्रजांनी आरंभीच १७९६, १७९७ व १७९८ अशी लागोपाठ तीन वर्षे भरघोस उपसा केला आणि १७९९ मध्ये उत्पन्न एकदम घसरले. पुढे १८२८ ते १८३७ या काळात जवळजवळ दरवर्षी कालवे काढली गेली. त्यानंतर १८५५ पर्यंत पार रिकामेच राहिले. १८६३ नंतर १८७४ पर्यंत आणि १८९१ नंतर १९०३ पर्यंत असेच खंड पडले. भरतीच्या काही वर्षांमागून ओहोटीची अनेक वर्षे, असा हा क्रम दिसतो.

या अनुभवातून एक शिस्त निर्माण झाली. सरकारी तपासनीस पारांची पाहणी करी. पाणबुड्यांकडून नमुन्याची कालवे काढवून त्यांतील मोत्यांची किंमत जाणकारांकडून ठरवून घेतली जाई. माल परिपक्व असेल तरच मोसम जाहीर होई, नाहीतर पार बंद राही. जाहीर झालेल्या मोसमात काढलेल्या कालवांपैकी दोन तृतीयांश सरकारचा व एक तृतीयांश पाणबुड्यांचा वाटा असे. सरकारी वाट्याचा लिलाव हजाराच्या हिशेबाने होई. उत्पन्न बुडाले तरी तो तोटा सोसण्याची ऐपत सरकारात होती, म्हणून ‘यंदा नाही’ असे म्हणणे त्यास शक्य होते. मात्र त्या नकाराची झळ पाणबुड्यांनाही बसे, हे विसरता येत नाही.

१८९१ नंतरचा खंड लांबल्यामुळे सरकारने प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हर्डमन यांना पाचारण केले. १९०२ च्या आरंभी ते जेम्स हॉर्नेल यांच्यासह सिलोनला आले. त्यांनी काढलेला निष्कर्ष बंदीच्या समर्थकांना अडचणीचा आहे. कालवांच्या ऱ्हासाचे मुख्य कारण माणसाचा उपसा हे नसून, मोसमी वाऱ्यांनी हलणारी वाळू, दाटी आणि शिंपले फोडून खाणारे मासे ही कारणे अधिक प्रभावी आहेत, असे त्यांचे मत पडले. पेरिया पारावर १८८० पासून अकरा वेळा तरी पिल्लांची दाट वस्ती झाली होती, परंतु त्यातून एकही मोसम हाती आला नव्हता. १९०२ च्या मार्चमध्ये तेथे दिसलेली अफाट वस्ती नोव्हेंबरात पार नाहीशी झालेली आढळली. अशा ठिकाणी बंदी घालून काय राखावयाचे? म्हणून पिल्ले उचलून सुरक्षित पारांवर नेऊन वसवावीत, अशी शिफारस त्यांनी केली.

याच सुमारास पारांचे दैव फळले. १९०३ व १९०४ चे मोसम चांगले गेले आणि १९०५ मध्ये आठ कोटींहून अधिक कालवे निघून सरकारास सुमारे पंचवीस लाख रुपये मिळाले. या भरतीच्या शिखरावरच १९०६ मध्ये एका इंग्रज कंपनीस वीस वर्षांचा मक्ता देण्यात आला. वार्षिक खंड तीन लाख दहा हजार रुपये ठरला. १९०७ नंतर पार रिकामे पडले, कंपनी बुडाली आणि पुढचा मोसम १९२५ पर्यंत आला नाही. पार रिकामे पडण्याचा दोष केवळ मक्त्यावर ठेवता येणार नाही. तथापि मक्त्याची रचनाच सदोष होती. समुद्राचे उत्पन्न अनिश्चित असता खंड मात्र निश्चित ठेवला गेला. ज्याला दरवर्षी पैसे भरावयाचे आहेत, त्याला थांबणे परवडत नाही.

पलीकडच्या किनाऱ्यावर तुतिकोरीनला १९५५ ते १९६१ या काळात सलग मोसम झाले. त्यानंतर आजतागायत तेथे मोसम झालेला नाही. सहा दशकांहून अधिक काळ विश्रांती मिळूनही पूर्वीचे वैभव परतले नाही. १९७३ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तुतिकोरीनजवळ कालवांत कृत्रिम रीतीने मोती तयार करण्यात यश मिळविले, परंतु ती शेती झाली, पारांचे पुनरुज्जीवन नव्हे.

बंदी व्यर्थ आहे, असा यावरून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. बंदी केवळ माणसाचा हात रोखते. वाळू, प्रवाह व भक्षक मासे यांना ती रोखू शकत नाही. म्हणून तिच्या जोडीला वर्षानुवर्षांची पाहणी हवी, आणि रिकामी वर्षे सोसण्याची तयारी असलेला धनीही हवा. मन्नारच्या पारांवर हा धनी एकोणिसाव्या शतकात लाभला होता. १९०६ मध्ये मक्त्यावर सही करताना सरकारने कालवांबरोबर थांबण्याचा आपला अधिकारही देऊन टाकला.