गाथासप्तशतीच्या इंग्रजी अवताराचं कूळ

ग्रीक भावकवितेची इंग्रजी भाषांतरं जमवणारे शौकीन विलायतेत पुष्कळ. कुणी हेन्री व्हार्टनच्या 1885 च्या सॅफोमागे असतो, कुणी लोएब ग्रंथमालेच्या हिरव्या कव्हरांची रांग लावतो. परभणी जिल्ह्यातल्या बोरीत राहून हाच नाद करायचा, तर मी एका वेगळ्या पुस्तकाच्या मागे लागेन. अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांचं ‘द ॲब्सेंट ट्रॅव्हलर’, दिल्लीच्या रवी दयाल यांनी 1991 साली काढलेलं. भाषा इंग्रजी, पण आतल्या कविता गोदाकाठच्या, गाथासप्तशतीतल्या. बोरी ज्या जिंतूर तालुक्यात आहे त्याला लागून पूर्णा वाहते आणि खाली जाऊन गोदावरीलाच मिळते. म्हणजे पुस्तक परक्या कपड्यात आलं तरी पाहुणा घरचाच.

मूळ पुरुष हाल सातवाहन. राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. भाषा महाराष्ट्री प्राकृत, छंद आर्येच्या घराण्यातला, प्रत्येक कविता दोन ओळींची आणि स्वतंत्र. एक कोटी गाथांतून सातशे निवडल्या असं ग्रंथच सुरुवातीला सांगतो. राजाच्या तोंडी कोटीच शोभते, हिशेब मागू नये. काळाबद्दल पंडितांचं एकमत नाही. कुणी पहिल्या शतकावर ठाम असतं, कुणी काही गाथा बऱ्याच पुढच्या मानतं. पहिल्या शतकातल्याच एका अनामिक ग्रीक दर्यावर्द्याच्या टिपणात, ‘पेरिप्लस’मध्ये, पैठण आणि तेर या दोन्ही बाजारपेठा आहेत. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तेर दहा दिवसांवर, असं तो लिहितो. माल गाड्यांतून वाईट वाटांनी बंदरावर जायचा. त्या ग्रीक दर्यावर्द्याच्या मुलखातही कविता निवडून गुंफायचा असलाच उद्योग झाला होता. मेलिआगर नावाच्या कवीने इसवी सनापूर्वी 100 च्या सुमाराला छोट्या ग्रीक कवितांचा ‘हार’ गुंफला होता. एकाने दुसऱ्याचं पाहून केलं असं म्हणायला आधार नाही, आणि तशी गरजही नाही.

गाथांत राजवाडा जवळजवळ नाहीच. नांगरणारा हालिक, पाटलाची लेक, प्रवासाला गेलेला नवरा, सासू, दीर, शेजारीण, मोहाची फुलं, कापसाचं शेत, हे सगळं आहे. पहिल्या शतकातली नववी गाथा घ्या. (या ग्रंथात शंभर गाथांच्या भागालाही शतकच म्हणतात.) साळीचं पीक पांढुरकं पडू लागलंय आणि एक बाई मान खाली घालून रडतेय. पीक पिकलं तर शेतकऱ्याच्या घरात रडायचं कारण काय? कारण कापणी झाली की लपायची जागा गेली, प्रियकराला भेटायचं कुठे! मैत्रीण तिला म्हणते, रडतेस कशाला, तिकडे तागाचं शेत बघ, हरताळ फासून रंगलेल्या नटीसारखं दिसतंय. ज्याने ताग पाहिलाय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. हिरवळीच्या खतासाठी आजही ताग पेरतात. तो पुरुषभर वाढतो, पिवळाजर्द फुलतो, आणि आत शिरलेलं माणूस बांधावरून दिसत नाही. दोन ओळींत पीकपाणी, चोरटं प्रेम आणि मैत्रिणीचा पक्का व्यवहार!

या गाथा टिकल्या त्या निम्म्या टीकाकारांच्या पुण्याईने. नवव्या शतकात काश्मिरात बसून आनंदवर्धन ध्वनीचा, म्हणजे सुचवलेल्या अर्थाचा, सिद्धांत मांडतो आणि उदाहरण देतो यातल्याच गोदावरीकाठच्या झाडीतल्या सिंहाचं. एक बाई धार्मिक गोसाव्याला सांगते की, आता खुशाल फिरा, तुम्हाला त्रास देणारं कुत्रं सिंहाने मारलं. म्हणजे बुवा, इकडे फिरकू नका! ग्रीक कवयित्री सॅफोच्या वाट्याला एवढं भाग्य नव्हतं. अलेक्झांड्रियात तिच्या कवितांचे नऊ खंड होते असं सांगतात. आज हाती आहेत ते दुसऱ्यांच्या ग्रंथांतले उतारे आणि इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकसच्या उकिरड्यात सापडलेले पपायरसचे तुकडे.

छापखान्याची वाट मात्र आपल्या गाथांनी जर्मनीतून धरली. बर्लिनच्या आल्ब्रेख्त वेबर यांनी 1870 साली लिपझिगमध्ये पहिला भाग छापला आणि 1881 साली सगळ्या हस्तलिखितांतल्या गाथा एकत्र केल्या. त्या भरल्या 964. सगळ्या पाठांत समान असलेल्या जेमतेम 430. बाकीच्या कुणी कधी घुसडल्या कोण जाणे! मला यात फसवणूक वाटत नाही. नक्कल करणाऱ्याला आवडलेली गाथा तो मधे बसवत होता, एवढाच याचा अर्थ. मग 1889 साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काव्यमालेत गंगाधरभट्टांच्या टीकेसह ग्रंथ काढला. छापखान्याचे मालक जावजी दादाजी यांच्या टंकातलं ते देवनागरी आजही डोळ्यांना गोड लागतं.

मराठीत खरं काम केलं स. आ. जोगळेकरांनी. सह्याद्री पायांखाली घातलेला हा माणूस. 1956 साली पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने त्यांचं ‘हाल सातवाहनाची गाथासप्तशती’ काढलं. मूळ गाथा, मराठी अर्थ आणि प्रदीर्घ प्रस्तावना असा तो जाडजूड ग्रंथ आहे. गाथांतली झाडं, पिकं, दागिने, चालीरीती त्यांनी खेड्यापाड्यांतल्या जगण्याशी ताडून पाहिल्या. पुढे 1971 साली कलकत्त्याहून राधागोविंद बसाक यांचं इंग्रजी भाषांतर आलं, अभ्यासकाच्या कामाचं.

आणि मग मेहरोत्रा. अलाहाबादला प्राध्यापकी केलेले कवी. 1976 साली मुंबईत ‘क्लिअरिंग हाउस’ ही कवींची प्रकाशनसंस्था उभी राहिली, तिच्यात अरुण कोलटकरांबरोबर हेही होते. कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ तिथूनच निघाली. सातशेतून मेहरोत्रांनी 207 गाथा उचलल्या, संस्कृत टीकांचं ओझं ओळींवर पडू दिलं नाही आणि पुस्तक सडपातळ ठेवलं. शेवटी मार्था ॲन सेल्बी या विदुषीचा लेख जोडला. पेंग्विनने 2008 साली ते पुन्हा काढलं. तेव्हा वाचायचं असेल तर ते चालेल, पहिली आवृत्ती शोधायची ती निव्वळ हौस म्हणून.

माझ्या मते मेहरोत्रांचं यश निवडीत आहे. आपण गाथासप्तशतीचं नाव घेतो ते मराठीचं वय सांगण्यासाठी. अभिजात दर्जाच्या मागणीत तिचा दाखला जोरात दिला गेला, 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्राने दर्जा मंजूरही केला. पण दाखला देणाऱ्यांपैकी किती जणांनी तागाच्या शेतात डोकावलं असेल? ग्रंथ साक्षीदार म्हणून उभा करायचा आणि साक्ष ऐकायची नाही, ही आपली जुनी खोड. पंधरा-वीस गाथा उत्तम मराठीत, पिकापाण्याच्या दोन ओळींच्या टिपांसह, शाळेच्या पोरांपर्यंत गेल्या तर ज्यांच्या घरी नांगर आहे त्यांना त्या प्राध्यापकांपेक्षा लवकर कळतील.

जोगळेकरांची 1956 ची प्रत कुणाच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत पडली असेल तर ती रद्दीच्या काट्यावर घालू नका. ठेवायची नसेल तर जवळच्या वाचनालयात द्या. द्यायच्या आधी पहिल्या शतकातली नववी गाथा तेवढी काढून वाचा.